घाटाखालचे बंदर, घाटावरची पेठ

मालवणच्या किनाऱ्यावरून सिंधुदुर्ग किल्ला दिसतो. रेल्वेचे रूळ मात्र दिसत नाहीत. आगगाडीने येणारा प्रवासी कुडाळ वा कणकवली येथे उतरतो आणि पुढे मोटारीने समुद्र गाठतो. १९९८ साली कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली, २०२३ पासून वंदे भारतही धावू लागली. तरी मार्ग बहुतांश एकेरी असल्याने वेगवान गाडीसाठी दुसरीला स्थानकात थांबावे लागते.

व्यापाऱ्याचे कोडे निराळे आहे. कोल्हापूरच्या पेठेतला गूळ खाली कोकणात उतरतो. हापूस, काजू आणि कोकम घाट चढतात. हा सारा माल करूळ वा फोंडा घाटाच्या वळणांवरून जातो. आंब्याच्या हंगामात प्रत्येक तास मोलाचा असतो, आणि पावसाळ्यात दरड कोसळली की वाटच खुंटते.

वैभववाडी–कोल्हापूर या प्रस्तावित रेल्वेमार्गाचे मोल येथे कळते. ताशी तीनशे किलोमीटरचा वेग त्याला नको. माल ठरल्या वेळी पोहोचावा, एवढे पुरे. सह्याद्रीत बोगदे खोदताना डोंगर, झरे आणि तेथील जीव राखणे हेही त्याच हिशेबात धरावे लागेल. रूळ पडेपर्यंत दोन्ही पेठांचे गणित घाटाच्या लहरीवरच मांडावे लागणार आहे.