बिनसाऱ्याची जमीन

महसूल खात्याच्या दफ्तरात ज्याची उभी हयात गेली, त्याला जमीन म्हटली की प्रथम तिचा आकार, मग तिची प्रत आणि सरतेशेवटी तिच्यावरील पीक आठवावे, हे स्वाभाविकच होय. परंतु नोकरीत असताना जे अगणित उतारे माझ्या हाताखालून गेले, त्यांपैकी एकाही उताऱ्यावर आमच्या सोनाळ्याच्या घरामागील ती चिंचोळी पट्टी मला कधी आढळली नाही, की जिच्यावर आमचे कुटुंब पोसले गेले असे म्हणता येणार नाही, पण जिच्यावाचून आमच्या भाकरीला चव आली नसती, असे मात्र निःशंकपणे म्हणता येईल. ती पट्टी गावठाणात होती. गावठाणातील जागेवर शेतसारा नाही, म्हणून तिचा सातबारा नाही. आणि सातबारा नाही म्हणून तिच्यात काय पेरले व काय उगवले, हे लिहून ठेवण्याचे कोणा पटवाऱ्याला कारणही नाही.

सोनाळा हे सातपुड्याच्या अगदी पायथ्याचे गाव. उत्तरेस अंबाबरव्याचे अरण्य, गावात संत सोनाजी महाराजांचे मंदिर, आणि दक्षिणेस उतरत गेले की पूर्णेच्या खोऱ्यातील तो विस्तीर्ण खारपाणपट्टा. डोंगरातून शतकानुशतके वाहून आलेल्या दगडगोट्यांच्या थरांत मुरलेले आमच्याकडचे पाणी गोड असल्यामुळे या पायथ्याच्या पट्ट्यात संत्र्याच्या व केळीच्या बागा उभ्या राहू शकल्या. आणि त्याच पाण्याचा उष्टा प्रवाह, आंघोळीनंतर न्हाणीच्या मोरीतून बाहेर पडून, आमच्या परसाचे सिंचन करीत असे. मोरीच्या तोंडाशी अळू, त्याच्या पुढे पुदिना व एक केळ, मांडवावर दोडकी आणि गिलकी, भिंतीलगत वांगी, मिरच्या व भेदरे, कोपऱ्यात शेवगा, आणि औषधापुरता ओवा, गवती चहा, अडुळसा व तुळस, अशी त्या जागेची वहिवाट होती. यांतली मिरची आणि भेदरे, म्हणजे टोमॅटो, ही पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर अमेरिकेतून आलेली वंशावळ आहे, हे मी पुढे शाळेत वाचले. परंतु ठेच्याशिवाय जेवण नाही अशा वऱ्हाडात त्या परदेशी पाहुणीस परकी ठरवण्याचे धाडस कोण करील?

या मुलुखाची सत्ता सर्वस्वी मायकडे होती. सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, पेरण्यापूर्वी ती अंगणातल्या फरशीवर धने पसरी आणि त्यांवरून चपलेचा तळ हलक्या हाताने असा फिरवी की प्रत्येक धन्याची दोन सारखी शकले व्हावीत आणि एकाचाही चुरा होऊ नये; कारण एका धन्यात दोन बिया असतात, हे वनस्पतिशास्त्राचे एकही पुस्तक न वाचता तिला ठाऊक होते. वांग्यावर मावा पडला की ती पहाटे, पानांवर दव असतानाच, चुलीची चाळलेली राख उडवी. ऊन चढल्यावर राख पानाला धरत नाही, हे तिचे शास्त्र. बियाण्यासाठी वेलावरचे एक उत्तम फळ ती हात न लावता पिकू देई, आणि गिलके वाळून खुळखुळू लागले की बिया राखेत घोळून, चिंधीत बांधून आढ्याला टांगी. उरलेली जाळी आम्हा पोरांचे अंग घासण्याच्या कामी येई, आणि ते काम ती फार निष्ठेने करी. पावसाळ्यात लागलेल्या अंबाडीचा कोवळा पाला ज्वारीच्या कण्यांबरोबर व तुरीच्या डाळीबरोबर शिजवून, वरून लसणाची कडकडीत फोडणी घातलेली भाजी पानात पडली, म्हणजे आमच्या घरी दुसऱ्या पक्वान्नाची मागणी कोणी रुजू करीत नसे. शेगावी गजानन महाराजांच्या प्रकटदिनी झुणका-भाकरीसोबत अंबाडीची भाजी असते, हे वाचकांस विदित असेलच.

शेजारीण कुंपणाशी येऊन विचारी, "सांबार हाये काय व?" मायचे उत्तर ठरलेले, "हाये ना, घे तोडून. पण उपटू नोको." या व्यवहारात पैसा कधी शिरला नाही. एका वर्षी कारली अतोनात आली, तेव्हा बाबांनी ती आठवडी बाजारात पाठवावी असे सुचवले; त्यावर माय म्हणाली, "परसातली भाजी इकत नसते." हे केवळ औदार्य होते, असे मी म्हणणार नाही. गिलक्याचे बी कोणाच्या घरून आले, कोणाच्या बाळंतिणीला आपला शेवगा गेला, कोणाकडून पुदिन्याची काडी परत यायची आहे, याची तिची तोंडी नोंदवही माझ्या कचेरीतल्या कोणत्याही फेरफार नोंदवहीपेक्षा अद्ययावत असे, आणि तीत वाद उपस्थित झाल्याचे मला स्मरत नाही.

तथापि या जागेचा खरा दर्जा वर्षातून एकदा, भाद्रपदात, उघड होई. ऋषिपंचमीच्या व्रतात बैलाच्या कष्टाचे अन्न वर्ज्य असते. म्हणजे बाबांच्या शेतातले सारे धान्य, ज्याचा सारा सरकारजमा होई आणि ज्याच्या जोरावर आम्ही कास्तकार म्हणवीत असू, ते त्या एका दिवसापुरते बाद ठरे, आणि नांगर न शिवलेल्या मातीतली अळूची पाने, दोडकी, भोपळा व भेंडी हीच तेवढी व्रतस्थ स्त्रीच्या पानात येण्यास पात्र ठरत. लगोलग महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला सोळा भाज्या लागत, तेव्हाही अर्धी गाववस्ती एकमेकींच्या परसांत हिंडून ती संख्या पुरी करी. नांगर नाही म्हणून व्रताला चालते आणि नांगर नाही म्हणून साऱ्यातून सुटते, असा हा योग. धर्मशास्त्र आणि जमाबंदी यांचे एकमत झालेले मी अन्यत्र क्वचितच पाहिले.

गोड्या पाण्याची किंमत मला कळली ती बदलीने. खारपाणपट्ट्यातील एका गावी बिऱ्हाड केले, तेव्हा सौभाग्यवतीने मोठ्या हौसेने दारामागे वाफे काढले. परंतु हातपंपाचे पाणी असे, की घागरीच्या काठावर आठवड्याभरात पांढरे पुट चढे, आणि तेच पुट काळ्या मातीवर धरून माती दगडासारखी आवळली जाई. घेवडा उगवताच करपला, सांबाराच्या पानांच्या कडा जळाल्या. पालक तेवढा त्या क्षारांना दाद न देता वाढत राहिला. त्या मुलुखातला शेतकरी कपाशी आणि हरभरा पावसाच्या ओलीवर का काढतो, पायाखाली पाणी असून ते पिकाला का देत नाही, हे अहवालात मी अनेकदा लिहिले होते. समजले ते त्या वाफ्यापाशी बसून. पुढे छपराची पन्हळ रांजणात सोडून पावसाचे पाणी साठवण्याचा मार्ग सौभाग्यवतीनेच शोधला, आणि पुदिन्याचे एक आळे तरी जगले. वान धरणाचे पाणी नळाने त्या बाजूच्या गावांना पोहोचले ते फार नंतर.

बाबांच्या पश्चात घराची वाटणी झाली. वाटणीपत्रात चतुःसीमा आल्या, कड्या-पाटाचा हिशेब आला, शेवगा थोरल्या भावाच्या हिश्शात व लिंबू माझ्या हिश्शात असेही कलम पडले. वाफ्यांचा मात्र उल्लेख नव्हता, कारण वाफा ही दरसाल नव्याने करायची वस्तू, तिची मालकी लिहून काय ठेवणार? परसाच्या मध्यावर भिंत आली. वैनींच्या दोडक्याचा वेल पहिल्याच पावसाळ्यात ती ओलांडून माझ्या बाजूस उतरला, आणि मी फळे पोहोचती करू लागलो तेव्हा त्यांनी निवाडा दिला, "ज्याच्या इकडे लोंबलं त्याचं." यावर अपील नाही.

आता काळ पालटला आहे. 2020 साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोन उडवून गावठाणांची मोजणी होते आणि घरमालकास सनद मिळते. 2021 पासून शेतातल्या पिकाची नोंद शेतकरी स्वतःच मोबाइलवर करतो. ‘उमेद’चे बचतगट पोषणासाठी परसबागांचा प्रसार करतात आणि शाळाही आपल्या आवारात पालक-मेथी लावून पोषण आहाराच्या पातेल्यात घालतात. हे सर्व इष्टच आहे, आणि रक्तक्षयाने ग्रासलेल्या आमच्या लेकीबाळींसाठी तर फार आधी व्हायला हवे होते. फक्त जेथे योजना जाते तेथे तक्ता जातो, आणि तक्त्यात उत्पन्नाचा रकाना आला की वाटीभर सांबाराचाही भाव निघू लागतो, इतके मी माझ्याच खात्याच्या अनुभवावरून सांगू शकतो. म्हणून माझे मत असे, की गावठाणाचा नकाशा अवश्य व्हावा, परसाची हद्द कायम व्हावी, परंतु वाफ्यांचा पीकपेरा कोणी मागू नये. आणि ज्यांच्या घरी सनद यायची असेल त्यांनी मोजणीच्या वेळी घराच्या धन्याबरोबर, ते परस जिने राखले त्या बाईचेही नाव तीत लावून घ्यावे.