पाच बरण्या

रमजान आठ दिवसांवर आला होता. इफ्तारसाठी आणलेले चणे नीट शिजतात का पाहावं म्हणून अम्मींनी वाटीभर चणे चढवले आणि नेहमीप्रमाणे चिमूटभर सोडा टाकला. तोंडात घेतले तर साबण चघळल्यासारखे लागले. कडू, बुळबुळीत. सगळ्यांनी थुंकून चुळा भरल्या. अल्हमदुलिल्लाह, कुणाला काही झालं नाही. पण अम्मींचा चेहरा उतरला. चुलीजवळची वस्तू ओळखण्यात त्यांची चूक झालेली मी तरी कधी पाहिली नव्हती.

खरी चूक माझी होती. कांदिवलीच्या आमच्या घराला रंग काढताना मी पोटमाळ्यावरची पेटी खाली घेतली आणि तिच्यातल्या काचेच्या बरण्या स्वयंपाकघराच्या फळीवर लावल्या. बरण्या अब्बांच्या, म्हणजे माझ्या मरहूम सासऱ्यांच्या. ते कलईचं काम करायचे. भाता, कोळसा, कथलाची कांडी आणि कापसाचा बोळा घेऊन लालजीपाड्यापासून चारकोपपर्यंत फिरायचे. पुढे घरोघरी स्टील आलं आणि भाता पोटमाळ्यावर गेला. त्या बरण्यांत खाण्याच्या सोड्याची बरणीही मिसळली. एकसारख्या पाच बरण्या, एकीवरही चिठ्ठी नाही, आत सगळं पांढरं.

मी म्हटलं, सगळंच फेकून देऊ या.

"त्यात एक नौशादर आहे," अम्मी म्हणाल्या. "त्यांच्या हातानं कुटलेला. बाकीचं फेक, तो नको." आणि ओळखायला म्हणून बोट बुडवून जिभेकडे नेऊ लागल्या. मी हात धरला. थोडी रागावलेच. त्या दिवशी दुपारभर आम्ही दोघी फारशा बोललो नाही.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. नौशादर हा शब्द मला माहीत, नवसागर माहीत, आणि अमोनियम क्लोराइड हे नाव पाठ्यपुस्तकात वाचलेलं. ही तिन्ही एकाच वस्तूची नावं आहेत हे मात्र माझ्या थोरलीनं सांगेपर्यंत कधी डोक्यात आलं नव्हतं. ती बारावी सायन्सला. बोर्डाच्या प्रॅक्टिकल नुकत्याच संपल्या होत्या. त्यात एक अनोळखी क्षार देतात आणि त्यातले दोन्ही भाग, धन आणि ऋण, शोधून काढायला लावतात. "दादी, चाखायचं नाही," ती म्हणाली. "आणि नाक लावून हुंगायचंही नाही. वाफ हातानं आपल्याकडे ढकलायची."

तिनं हळदीच्या पाण्यात कागदाच्या पट्ट्या बुडवून वाळवल्या. हळद लागलेल्या कपड्याला साबण लावला की डाग लाल होतो, हे आपण सगळ्याच जाणतो. ते कपड्याचं नशीब नव्हे, अल्कलीची खूण आहे. (जाता जाता: अल्कली आणि कलई, दोन्ही शब्द अरबीतून आलेले. वर्गात मी त्यांना भावंडं म्हणत असे. पण एकात ऐन आहे, दुसऱ्यात नाही. नातं काही नाही.)

लिंबू पिळलं तर दोन बरण्यांतल्या पुडी फसफसल्या. मला वाटलं, झालं काम. थोरली म्हणाली, एका खुणेवर निकाल द्यायचा नसतो. खाण्याचा सोडा आणि धुण्याचा सोडा दोन्ही फसफसतात. धुण्याच्या सोड्यानं हळदीची पट्टी लालभडक केली, दुसऱ्यानं जेमतेम रंग बदलला. तरी तिचं समाधान नाही. औषधाच्या दुकानातून एप्सम सॉल्ट आणून त्याचं पाणी दोन्हींत घातलं. एक पेला थंडच असताना पांढरा गढूळ झाला, तो धुण्याचा सोडा. दुसरा नितळ राहिला आणि तापवल्यावर गढुळला. चण्यांचा गुन्हेगार सापडला.

तिसऱ्या बरणीत खडे होते. जुन्या पळीत तापवले तर ते स्वतःच्याच पाण्यात विरघळून उकळले आणि फुगून पांढरा फेस झाला. सुहागाही असाच फुगतो, पण तो हळद लाल करतो. इथे पट्टी पिवळीच राहिली. ती फटकडी. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की आम्ही बादलीत फिरवतो तीच.

चौथ्या पुडीसाठी थोरलीनं दादीचा पानदान मागितला. बशीत चिमूटभर पूड, वर बोटभर ओला चुना, काडीनं कालवलं. पट्टी ओली करून वर धरली, बशीला न लावता. पट्टी लाल झाली. चुन्यानं नवसागरातला अमोनिया मोकळा केला होता आणि तो वर चढला होता. हजार-अकराशे वर्षांपूर्वी अबू बक्र अल-राझी यांनी पदार्थांचे वर्ग पाडले, तेव्हा नौशादर मीठ-खारांत न ठेवता पारा आणि गंधकाबरोबर 'रूह' या वर्गात ठेवला. कारण तापवला की तो वितळत नाही, धूर होऊन उडतो. कलई करताना तापल्या भांड्यातून उठतो तो पांढरा ढग हाच. तांब्यावरचा काळेपणा तो काढून नेतो, म्हणून कथील नीट पसरतं.

अम्मी इतका वेळ गप्प होत्या. नातीनं सांगितलेलं सगळं विसरून त्या बशीवर वाकल्या आणि खोल श्वास घेतला. ठसका लागला. डोळे पदरानं पुसत त्या पुन्हा वाकल्या.

"अमोनियानं डोळ्यांत पाणी येतंच, दादी," थोरली म्हणाली.

"हो बेटा," अम्मी म्हणाल्या. "त्यांच्या सदऱ्याला रोज हाच वास असायचा."

पाचवी बरणी आम्ही तपासली नाही. तिच्यातली पूड ना फसफसली, ना हळदीला काही करून गेली. पुढच्या कसोट्या घरात करण्यासारख्या नव्हत्या. पांढरा तर सोमलही असतो. झाकण चिकटपट्टीनं बंद करून थोरलीनं ती कॉलेजच्या लॅबमधल्या सरांकडे नेऊन दिली.

चिठ्ठ्या मी लिहिल्या. अम्मींना दिसावं म्हणून वर मोठ्या अक्षरांत उर्दूत, खाली मराठीत. नौशादरच्या बरणीवर थोरलीनं लाल शाईनं 'खाण्याचे नाही' असं घातलं आणि ती पोटमाळ्यावर, भात्याशेजारी ठेवली. चणे दुसऱ्या दिवशी पुन्हा भिजत घातले.