सवणे आणि फडताळ

आमच्या चिटगुप्प्याच्या घरी एक संगणक आहे. तो आमचा नव्हे. शिक्षणासाठी आमच्याकडे राहणाऱ्या भाच्याचा. त्यावर तो अभ्यास करतो, असे आम्ही त्याच्या आईस कळवीत असू. वस्तुतः सायंकाळी तो त्यावर खेळ खेळतो, आणि ते खेळ इतके वेगवान असतात की केवळ त्यांची चित्रे रेखाटण्यासाठी एक निराळे ग्राफिक्स कार्ड त्या पेटीत बसवावे लागले आहे.

गेल्या मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या उत्सवासाठी माणिकनगरास जाणारे आप्तजन नेहमीप्रमाणे आमच्याकडे उतरले. माणिकप्रभूंच्या दर्शनास निघालेल्या मंडळींच्या दृष्टीस देवघरालगत लाल-निळे दिवे लुकलुकणारी ती काळी पेटी पडू नये, म्हणून आम्ही ती भिंतीतल्या फडताळात सरकवली, वर एक जाड आच्छादन घातले आणि तारांपुरती फट ठेवून दार लोटले. पाहुणे गेले; पेटी मात्र तेथेच राहिली. खरे सांगावयाचे, तर ती तेथेच बरी, असे आम्हांस वाटले.

पौषात भाचा म्हणाला, “मामा, खेळ अडखळतोय. पहिली दहा मिनिटं नीट चालतो, मग त्याला दम लागल्यासारखा होतो.”

“तुझ्या अभ्यासासारखाच की!” आम्ही म्हणालो. त्या वेळी ते उत्तर आम्हांस मोठे विनोदी वाटले. भाचा हसला नाही.

वैशाखात तर यंत्राचा पंखा घोंगावू लागला आणि पडद्यावरची चित्रे टप्प्याटप्प्याने सरकू लागली. एका दुकानदाराने पेटी न उघडताच नवे कार्ड घेण्याचा सल्ला दिला. त्या रात्री भाच्याने एक पाकीट आमच्यापुढे ठेवले. मुंजीत भिक्षावळीत मिळालेले पैसे त्याने इतकी वर्षे जपून ठेवले होते. ते पाकीट पाहून आम्ही वरमलो आणि प्रथमच त्याच्या शेजारी जाऊन बसलो.

त्याने पडद्याच्या कोपऱ्यात तपमानाचा आकडा दिसेल अशी व्यवस्था केली. खेळ सुरू होताच प्रोसेसरचा पारा दहा मिनिटांत ९७ अंशांवर गेला, आणि नेमका तेथेच वेग कोसळला. आम्ही फडताळाचे दार सताड उघडले, आच्छादन काढले, पेटीची बाजूची पत्री उतरवली आणि समोर टेबलपंखा लावला. आकडा ८६ वर आला. खेळ पुन्हा धावू लागला. म्हणजे कार्ड निकामी झाले नव्हते. पेटीला श्वास मिळत नव्हता.

आजचे बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोहोचले की जळून जाऊ नये म्हणून स्वतःच आपला वेग उतरवतात. ज्याला आम्ही आळस समजत होतो, ते आत्मरक्षण होते.

दुसऱ्या दिवशी वीज तोडून आम्ही दोघांनी पेटी अंगणात घेतली. समोरच्या जाळीवर नमद्यासारखा थर बसला होता. गावची धूळ आणि देवघरातल्या धूप-कापराची काजळी एकजीव होऊन चिकटली होती. देवाच्या धुपाला दोष कसा द्यावा? पेटी तेथे आम्हीच कोंडली होती. मऊ ब्रशाने धूळ झाडताना भाचा पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवी. पाते भलत्याच वेगाने फिरले तर त्याच्या धारव्याला इजा होते, असे तो म्हणाला. प्रोसेसर आणि त्यावरचा धातूचा उष्णतावाहक यांमधील लेप वाळून खडूसारखा झाला होता. तो स्पिरिटने पुसून तुरीच्या दाण्याएवढा नवा लेप लावला. दोन धातू कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात सूक्ष्म फटी उरतात, आणि त्या फटींतली हवा तांब्याच्या मानाने हजारो पटींनी कमी उष्णता वाहते. लेपाचे काम एवढेच, की त्या फटी बुजवाव्यात.

सायंकाळी तोच खेळ तासभर चालला, आणि आकडा ७८ च्या वर गेला नाही. खोलीचेच तपमान ३८ होते. पंखा पेटीला भोवतालच्या हवेहून थंड करू शकत नाही. म्हणून ती हवा खेळती हवी.

हे आमच्या आजोबांना ठाऊक होते. माळवदाचे हे घर बांधताना त्यांनी माजघराच्या छतास सवणे ठेवले. ऊन हवा वर चढते, तिला वाट द्यावी, हे त्यांनी कोणत्या पुस्तकात वाचले नव्हते. त्याच घरात राहून आम्ही एक धगधगती वस्तू फडताळात कोंडली, आणि ती धापा टाकू लागली तेव्हा तिच्या धन्याची थट्टा केली.

आता पेटी माजघरात आहे. सवण्याच्या थेट खाली नव्हे, कारण तेथून धूळ पडते आणि पावसाळ्यात पाणीही. त्यापासून अंमळ दूर, भिंतीपासून वीतभर सोडून. भिक्षावळीचे पाकीट आम्ही परत केले. पौषातले ते वाक्य परत घेता आले नाही. भाच्याने त्याचा उल्लेख कधी केला नाही. मात्र परवा त्याने स्वतः होऊन आमच्यासाठी खुर्ची ओढली आणि खेळ कसा खेळतात ते दाखवले. आम्ही तीनदा हरलो.

येत्या दत्तजयंतीस पाहुणे येतील. पेटी तेव्हाही माजघरातच असेल. कोणी विचारलेच, तर ही आमच्या भाच्याची, एवढे सांगू.