रुमाल आणि पुडके

देवलांनी मराठी प्रेक्षकांना एकाच दुखण्याची दोन नाटके दिली. ‘झुंजारराव’ १८९० चे, शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून घेतलेले, आणि ‘संशयकल्लोळ’ गंधर्व मंडळीने रंगभूमीवर आणले ते १९१६ साली. तसबीर भलत्या हातात दिसली की आपण पोट धरून हसतो. रुमाल भलत्या हातात दिसला की डोळे टिपतो. दुखणे तेच. ‘अरे, तिला एकदा सरळ विचार ना!’ असे झुंजाररावाला ओरडून सांगावेसे वाटले नाही, असा प्रेक्षक विरळाच. अंधारात बसलेल्या माणसाला सारेच ठाऊक असते. म्हणून तो शहाणा!

काही वर्षांपूर्वी शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मी हाच रुमालाचा प्रवेश बसवीत होतो. संशय चेहऱ्यावर कसा चढत जातो, हे सहकाऱ्यांना मोठ्या तोऱ्याने समजावून देत होतो. त्याच सुमारास माझी पहिली कादंबरी एका प्रकाशकाकडे गेली होती आणि मी पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून होतो.

वसुबारसेला आकाशकंदिलाचा सांगाडा काढायला मुलुंडच्या आमच्या घरच्या माळ्यावर चढलो, तो अनारशांच्या डब्यामागे एक पुडके हाती आले. माझेच हस्तलिखित, साभार परत! पोस्टाचा शिक्का तीन आठवड्यांपूर्वीचा.

मग काय! रात्री मी वाचून दाखवीत असताना पत्नीने दिलेल्या जांभया आठवल्या. ‘झोपा आता, उद्या शाळा आहे,’ हे तिचे शब्द आठवले. ऑथेल्लोला निदान इयागो तरी लागला. माझ्या मनाने ते काम फुकट केले. ‘माझे लिहिणे तुला कधी नकोच होते,’ असे मी नको त्या शब्दांत बोललो.

“भाऊबीजेपर्यंत थांबायचं ठरवलं होतं मी,” एवढेच ती म्हणाली. मला ती सबब वाटली. रांगोळीपाशी बसलेली आमची आठ वर्षांची मुलगी टकमक पाहत होती.

तीन दिवस मी अबोला धरला. लक्ष्मीपूजनाच्या रात्री पोरीला राहवेना. “बाबा, पुडकं पावसात भिजून आलं होतं. पहिली साठ पानं पुसली होती. आई रोज दुपारी ती परत लिहितेय, तुम्ही वाचलेलं आठवून आठवून. भाऊबीजेला द्यायची होती तुम्हाला. मला शपथ घातली होती.”

जांभया देत देत तिने सारे ऐकले होते!

त्या नाटकात एमिलियाला रुमालाचे सत्य ठाऊक असते. ती बोलते, पण उशिरा. तोवर डेस्डिमोना गेलेली असते. आमची एमिलिया वेळेवर बोलली, एवढाच काय तो फरक. माझ्या घरातला जाणता प्रेक्षक रांगोळीपाशी बसला होता आणि मी रंगमंचावर उभा राहून स्वतःला शहाणा समजत होतो.

मी पत्नीची क्षमा मागितली. “चकली खा आधी,” ती म्हणाली.

ती कादंबरी पुढे कोणीच छापली नाही. पुढच्या छापल्या गेल्या. पण कपाटात वर ठेवली आहे ती हीच. तिची पहिली साठ पाने माझ्या अक्षरात नाहीत.