कसा वाटला सिनेमा?

या प्रश्नाला आम्हा बायकांची ठरलेली चार उत्तरं असतात. बरा आहे. एकदा बघायला हरकत नाही. गाणी चांगली आहेत. शेवट नाही पटला. घरातले पुरुष हसतात, "एवढंच? दिग्दर्शन कसं होतं, पैसे किती मिळवले, ते सांगा की!" आम्हाला ते कळत नाही असं नाही. पण आम्ही सिनेमा वेगळ्या जागेवरून बघतो. नायिकेनं साडीला पिन कुठं लावली, भाकरी थापताना तिचा हात खरंच चालतो की नाही, सासू पाणी मागते की हुकूम सोडते, हे आधी दिसतं.

बेळगावात राहिल्यामुळं आम्हाला भाषेचं बंधन नाही. मराठी घरचा, हिंदी सगळ्यांचा, कन्नड शेजारचा. आता गवार निवडता निवडता मोबाईलवर मल्याळम सिनेमासुद्धा खालची अक्षरं वाचत बघून होतो. दुपारी चार-पाच जणी जमलो की मग त्यावर बोलणं.

'बाईपण भारी देवा' २०२३च्या पावसाळ्यात आला तेव्हा बायका गटागटानं थिएटरात गेल्या. आम्हीही गेलो. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा, रडणं आणि हसणं. मला विचाराल तर आरडाओरडा जरा जास्तच आहे आणि सगळी दुःखं स्पर्धेच्या निमित्तानं फारच पटकन सुटतात. पण माझ्या जाऊबाई म्हणाल्या, "सिनेमा राहू दे. सहाही बहिणी एका खोलीत आल्या, हे काय कमी आहे? आमच्या आम्ही तिघी, तर गेल्या सात वर्षांत एकत्र बसून चहा प्यालो नाही." हे सिनेमाबद्दलचं मत होतं का? होतंही आणि नव्हतंही.

'लापता लेडीज'मध्ये घुंघटामुळं आगगाडीत दोन नवऱ्यांच्या नवऱ्या बदलतात. सगळे त्या गमतीवर, नाहीतर स्टेशनवर चहा-भजी विकणाऱ्या छाया कदम यांच्या कामावर बोलतात. काम आहेच तसं. आमच्यातल्या एका आजींच्या लक्षात मात्र कमळाच्या देठांची भाजी राहिली. घरातल्या कुणाला आवडत नाही म्हणून त्या सासूनं स्वतःच्या आवडीची भाजी करणंच सोडलेलं असतं. आजी म्हणाल्या, "मला काय आवडतं ते विचारलं तर मलाही आठवायला वेळ लागंल." आणि त्या खरोखरच आठवत बसल्या.

'द ग्रेट इंडियन किचन' २०२१चा, मल्याळम. त्यावरून 'मिसेस' हा हिंदी सिनेमाही आला. मला मूळचा जास्त आवडला. त्यात कितीतरी वेळ संगीत नाही. नुसतं चिरणं, वाटणं, घासणं, पुसणं. सासऱ्यांना भात कुकरमधला नको, चुलीवरचा हवा. चटणी हातानं वाटलेली हवी. कपडे मशीनमध्ये नकोत. कुणी ओरडत नाही, कुणी मारत नाही. सगळं गोड आवाजात. आणि मोरीतला पाईप गळतोय, तो दुरुस्त करायला माणूस आणा म्हणून ती सांगतेय, सांगतेच आहे.

एक जण म्हणाली, "किती तेच ते दाखवलंय! कंटाळा आला." मी म्हटलं, बघायला दीड-दोन तास कंटाळा आला, तर करणारीचं काय? आमच्याकडं निदान सूर्यास्ताआधी जेवणं उरकतात, स्वयंपाकघराला मिटायची एक वेळ आहे. त्या बिचारीला तेवढंही नव्हतं. शेवटी नवऱ्याची दुसरी बायको त्याच ओट्यापाशी उभी दिसते. पुष्कळांना हा शेवट नकोसा वाटला. मला तोच सगळ्यांत खरा वाटला. बाई निघून गेली तरी ओटा तिथंच राहतो.

आमच्यात खरी वादावादी झाली ती 'थप्पड'वरून. घरच्या पार्टीत सगळ्यांसमोर नवरा एक थप्पड मारतो आणि बायको घटस्फोटापर्यंत जाते. आमच्यातली एक शांत बाई, एरवी 'बरा आहे'च्या पलीकडं न जाणारी, त्या दिवशी तावातावानं म्हणाली, "एका चापटीसाठी कुणी संसार मोडतं काय?" थोड्या वेळानं पुन्हा तेच. चहा झाल्यावर तिसऱ्यांदा. एक कॉलेजात शिकवणारी सून तिला समजावू लागली, हक्क, सन्मान, कायदा. जाऊबाईंनी त्या मुलीच्या हातावर हात ठेवला आणि हिला एवढंच विचारलं, "तुला त्यातलं काय आवडलं गं?"

ती म्हणाली, "ती रात्री उठून घर आवरत बसते ना, तेवढं खरं दाखवलंय. झोप येत नाही हो तेव्हा."

कुणी काही बोललं नाही. तिनं कपबश्या गोळा केल्या आणि विसळायला आत गेली.

तेव्हापासून मी कुणाचं सिनेमाबद्दलचं मत खोडायला जात नाही. बाई सिनेमाबद्दल जे जोरात बोलते ते ऐकून घ्यावं, आणि त्यानंतर हळू जे बोलते ते जास्त ऐकावं. घरातलं बाहेर सांगू नये, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. सिनेमातलं सांगायला मात्र मुभा असते.

आता आमच्यापैकी कुणी ना कुणी तिला रोज फोन करतं. नवीन काय बघितलंस, एवढंच विचारायचं. परवा तिनं आपणहून मला केला. म्हणाली, "अक्का, 'झिम्मा' बघितला. परदेशात जाऊन बायकांनी एवढं खिदळायचं असतं काय?"

मी विचारलं, "तू हसलीस का पण?"

"दोनदा," ती म्हणाली. मग जरा थांबून, "तिकीट किती पडतं हो तिकडचं?"