पोटावरची सही

बँकेच्या काउंटरवर वीस वर्षं काढली की एक ज्ञान होतं. आरडाओरडा करणारा ग्राहक धोक्याचा नसतो. धोक्याचा तो, जो कोपऱ्यात गप्प बसून ‘सावकाश होऊ द्या साहेब’ म्हणतो.

अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात कोळ्यांनाही हाच नियम लागू आहे. माझी धाकटी बहीण तिथे टूसॉनला असते. पावसाळा आला की तिच्या अंगणातून टॅरंटुला फिरतो. हाताच्या पंजाएवढा, अंगभर केस! बघणाऱ्याची पाचावर धारण बसते. वास्तविक तो बिचारा उपवर, बायको शोधायला निघालेला. चावलाच तर मधमाशीइतकं दुखतं, एवढंच.

खरी धास्ती ‘ब्लॅक विडो’ची. वाटाण्याएवढं काळं, तुकतुकीत पोट आणि त्याच्या खालच्या बाजूला लाल डमरू. चेक उलटा करून मागची सही बघता येते. हिला उलटी कोण करणार? पण ती जाळ्यात उलटीच लटकते, म्हणून सही आपोआप दिसते. दुसरा एक तपकिरी कोळी. त्याच्या पाठीवर म्हणे व्हायोलिन असतं, पण इतकं पुसट की डोळे मोजावे लागतात. बहुतेक कोळ्यांना आठ, याला सहाच. मोजायला जाणाऱ्याने आपला विमा आधी तपासावा.

एकदा मेव्हण्यांनी गॅरेजमधला हातमोजा घातला. टाचणी टोचल्यासारखं झालं, आणि तासाभरात पोट फळीसारखं कडक, अंगाला घाम. बहिणीने जखम साबणाने धुतली, बर्फ कापडात गुंडाळून लावला, विषबाधा केंद्राला फोन केला आणि त्यांना इस्पितळात नेलं.

इकडे आमच्या घरी वैद्यकीय परिषद भरली. आई म्हणाली, चुना लाव. काका म्हणाले, दंड करकचून बांध. शेजारी म्हणाले, ब्लेडने चीर दे. बहिणीने यातलं काही केलं नाही, तेच बरं झालं. बांधल्याने आणि चिरल्याने दुखणं वाढतंच. ब्लॅक विडोच्या चाव्याने माणूस क्वचितच दगावतो, जपायचं ते लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना. पण हे वाक्य कळेपर्यंत त्या रात्री आमच्याकडे कुणी जेवलं नाही. सकाळी फोनवर मेव्हण्यांनी स्वतःच ‘हॅलो’ म्हटलं, तेव्हा कुठे चहा झाला.

तेव्हापासून त्या घरात बूट, हातमोजे झटकल्याशिवाय कुणी घालत नाही. मागच्या मे महिन्यात भाचा इथे आला, तर त्याने माझेही बूट दोनदा आपटले. आमच्याकडचे कोळी भिंतीवर असतात, हे मी सांगणार होतो. पण म्हटलं, राहू दे. पडताळणी झालेली बरी.