एक दिवस आणि तीन बेटं

मंडळी, घरातला पोरगा आफ्रिकेत नोकरीला लागला आणि त्याने तिकडे बोलावलं, तर वाटेत मॉरिशसला विमान बदलता येतं. तिथे दोन रात्री मुक्काम केला की मोकळा दिवस मिळतो तो एकच, हे आधी ध्यानात घ्या. आमचा घोळ इथेच झाला. पुतण्याने कळवलं, "काका, त्या भागात पाहण्यासारखी तीन बेटं आहेत. कुठलं बघायचं ते ठरवून या." झालं! घरात तीन माणसं आणि तीन मतं.

वहिनींना आवडलं रोड्रिग्ज. हे मॉरिशसच्याच राज्यातलं, पण पूर्वेला साडेपाचशे किलोमीटरहून लांब. उणंपुरं 108 चौरस किलोमीटरचं. लोक आपल्यासारखेच, मका, घेवडा, मिरची लावणारे. ओहोटीला बायका उथळ पाण्यात उतरून ऑक्टोपस धरतात. धरून धरून तो संपत आला, तेव्हा 2012 पासून दरवर्षी काही आठवडे धरणं बंद ठेवलं. आपल्याकडे पावसाळ्यात मासेमारी बंद असते तसंच. शनिवारी सकाळी तिथला मोठा बाजार भरतो. हे सगळं वहिनींच्या मनात भरलं. पण जायला दीड तास, यायला दीड तास, विमान लहान. वारा उठला आणि ते राहिलं, तर पुढचं मोठं विमान कोण थांबवून धरणार? चार दिवस असतील तर खुशाल जा. एका दिवसात हे काम नाही.

माझं मत रियुनियनला होतं. मॉरिशसहून विमानाने पाऊण तास. राज्य फ्रान्सचं, पैसा युरोचा, तेव्हा कागदपत्रं निघण्याआधीच पुरी करावी लागतात. मला ओढ लागली ती तिथल्या जित्या ज्वालामुखीची. शास्त्रज्ञ सांगतात, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपली भूमी त्या जागेवरून सरकत होती, तेव्हा त्याच आगीतून सह्याद्रीचा काळा कातळ वर आला. म्हणजे घाटावरची काळी माती त्याच चुलीवरची! पाऊस तर असा, की जानेवारी 1966 मध्ये डोंगरावर एका दिवस-रात्रीत 1,825 मिलिमीटर पडला. एवढ्यात आपल्या किती तालुक्यांचं वर्षाचं भागतं! आणि व्हॅनिला. तिच्या फुलाचं परागण हाताने कसं करायचं हे 1841 मध्ये तिथल्या एका बारा वर्षांच्या गुलाम पोराने दाखवलं. एडमंड त्याचं नाव. एक काडी आणि अंगठा, बस्स. पुढे व्हॅनिलावर जगात पैसा झाला, तो मात्र गरिबीतच मेला.

पण ज्वालामुखीच्या कड्यापर्यंत मोटारीने दोन-अडीच तास, आणि ऊन वर आलं की ढग पुढ्यात. पुन्हा दादांचे गुडघे. मी गप्प बसलो.

दादा एवढंच म्हणाले, "आपल्याला मोरस बघायचंय."

जुनी माणसं पांढऱ्या साखरेला 'मोरस' म्हणत, ते याच मॉरिशसवरून. आमच्या वाडीत एक खाचर आहे, त्याला अजून मोरसवाल्याचं खाचर म्हणतात. पाच-सहा पिढ्यांमागे भिकाजी नावाचा कोणी उसाच्या कामाला म्हणून गलबतात बसला, तो आलाच नाही. खाचर आम्ही कसतो. त्याचा माणूस कधी उगवेल का, ही धास्ती म्हणा की आस म्हणा, दादांच्या मनात लहानपणापासून आहे.

म्हणून आम्ही बेट बदललंच नाही. विमानतळ सोडला की दोन्ही अंगांना ऊस. उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे ढीग, एकेक घराएवढा. रानातला धोंडा-धोंडा वेचून मजुरांनी ते रचले. दादा गाडीतून उतरले, एका ढिगाभोवती चालून आले. "आपला बांध घालायला तीन उन्हाळे गेले होते," एवढंच बोलले.

पोर्ट लुईस बंदरात आप्रवासी घाट आहे. 1834 पासून पुढे साडेचार लाखांवर मजूर हिंदुस्थानातून या बेटावर आले. बहुतेक बिहारकडचे, पण मुंबई बंदरातून चढलेले आपले कोकण-सातारचेही. त्यांची पोरं-नातवंडं आज तिथे आहेत. गणेशचतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. घाटाच्या दगडी पायऱ्या जुन्याच आहेत. दादा त्यांच्यापाशी बराच वेळ उभे होते.

तिथल्या बाईंनी सांगितलं की मजुरांच्या नोंदवह्या मोका गावी महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्यात, पण शोधायला नुसतं नाव पुरत नाही. मजुराचा नंबर हवा, नाहीतर बापाचं नाव, गाव, गलबताचं साल. आमच्याकडे होतं फक्त 'भिकाजी'. असे भिकाजी कितीतरी निघतील! तुमच्या घराण्यातलं कोणी असं गेलं असेल तर निघण्याआधी म्हाताऱ्या माणसांपाशी बसा आणि काय आठवेल ते कागदावर उतरवा. बॅग भरण्यापेक्षा ते काम मोठं. आणि जमलं तर मे ते नोव्हेंबरमध्ये जा. जानेवारी ते मार्च तिकडे वादळांचे.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर दादांनी विचारलं, "परततानाही विमान इथंच बदलतं ना?"

"हो. पण तेव्हा तीनच तास आहेत."

"वाढवून घे," दादा म्हणाले, आणि गावी आबांना फोन लावायला सांगितला.